बाकी मजकूर जासूद सांगेल

मागच्या महिन्यात मराठी मंडळाच्या सभेत पंतांना श्रद्धांजली वाहिली. हॉल भाड्याचा, माइक खरखरणारा, मागच्या टेबलावर समोसे झाकून ठेवलेले. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "पंत म्हणजे ताठ कणा! या माणसाने आयुष्यात कधी कोणाची माफी मागितली नाही!" टाळ्या पडल्या. श्रद्धांजलीला टाळ्या वाजवतात का, ते सोडा. मी उठले आणि म्हणाले, "मागितली होती. एकदा. मी तिथे होते."

"अगं, बस ना खाली," शेजारच्या बाईंनी माझी ओढणी ओढली. अध्यक्ष हसून म्हणाले, "आठवणी नंतर, चहाच्या वेळी." चहाच्या वेळी कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ताठ कणाच हवा होता. म्हणून आता लिहून काढते. कोणाला आवडो, न आवडो.

पंत हे त्यांचं नाव नव्हे. आम्ही भाडेकरूंनी ठेवलेलं नाव, पुढे मंडळातही तेच रूढ झालं. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात स्टेशनपासून सात मिनिटांवर त्यांचं विटांचं घर होतं, तीन खोल्या आम्हा स्टुडंट्सना दिलेल्या. त्या वर्षांत टूनगॅबी म्हणजे विचारू नका. प्रत्येक ट्रेनमधून आमच्यासारखी दहा-बारा पोरं उतरायची, पाठीवर बॅकपॅक, हातात तांदळाची गोण. कोण कुकरी करतंय, कोण हेअरड्रेसिंग. मी डोंबिवलीहून मायक्रोबायोलॉजी करून आलेली, आणि पॅरामाटाच्या एका कॉलेजात कांदा बारीक चिरायला शिकत होते, कारण पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, त्याने मिळते असं सगळे सांगत होते. आईला फोनवर "फूड सायन्स" असं सांगितलं होतं.

पंत रेल्वेत सिग्नलच्या कामावरून रिटायर झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. उंच, कोरडे, दाढी रोज करणारे, आणि घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट. त्यांचा सगळा जीव एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होता. डब्यात लाल फडक्यात बांधलेली मोडीतली पत्रं होती, अठराव्या शतकातली. त्यांचे एक पूर्वज, त्रिंबकपंत, पुण्यात पेशव्यांच्या कचेरीत कारकून. त्यांचा लहानपणापासूनचा मित्र सदोबा, लष्कराबरोबर उत्तरेत गेलेला. या दोघांचा वीस वर्षांचा पत्रव्यवहार त्या डब्यात होता, आणि पंत त्या दोघांविषयी असं बोलायचे की जणू ते मागच्या गल्लीतच राहतात.

"सदोबाची बायको आजारी पडली," ते मला सांगायचे, मी पोळ्या लाटत असताना. "त्याने लिहिलं, बाबा रे, कचेरीत शब्द टाक, मला घरी यायची परवानगी मिळव. परवानगी आली नाही. बायको गेली. सदोबाला वाटलं, याने शब्द टाकलाच नाही."

"आणि टाकला होता?"

"टाकला होता तर! पण कारकुनाचं ऐकतो कोण?"

मग त्या दोघांचं बिनसलं. पण बिनसलं म्हणजे शिवीगाळ नाही हो. इथेच पंतांचा आवडता सिद्धांत सुरू व्हायचा. जुन्या पत्रांत आधी मायना असतो. राजमान्य राजेश्री, सकलगुणालंकृत, अखंडित लक्ष्मी अलंकृत, वगैरे वगैरे, मग कुशल, मग मजकूर. पंतांचं म्हणणं, दोस्ती होती तोवर या दोघांचा मायना अर्ध्या ओळीचा होता. राग वाढला तसा मायना वाढत गेला. "मायना मोजायचा," ते बोट नाचवत म्हणायचे. "मजकूर कसाही असो. मायना किती ओळी आहे त्यावरून कळतं माणूस किती दुखावलाय ते." त्रिंबकपंतांच्या शेवटच्या पत्राची नक्कल डब्यात होती. त्यात नऊ ओळी मायना, आणि खाली एकच वाक्य. बाकी मजकूर जासूद मुखजबानी सांगेल. जासूद म्हणजे पत्र पोचवणारा माणूस. खरी बोलणी तो तोंडी सांगायचा, कागदावर यायचीच नाहीत. त्यानंतर डब्यात एकही पत्र नाही.

जासूदाने काय सांगितलं? पंतांनी आयुष्यातली तीस वर्षं या प्रश्नावर घालवली.

माणूस नुसता वाचून थांबला असता तर ठीक होतं. पंत तसे जगायचेसुद्धा. फोन घेतला तर कानापासून वीतभर लांब धरायचे. आम्हा भाडेकरूंशी भांडण झालं की तोंडाने बोलायचे नाहीत, फ्रिजवर चिठ्ठी लावायचे. ए-फोर कागद उभा फाडून, लांब पट्टी करून, टपोऱ्या अक्षरात. साधी सूचना असली तर नुसतं "दूध संपले. आणणे." पण सिंक तुंबलं त्या दिवशी मला सहा ओळी मायना आला होता. त्यातही त्यांची पंचाईत, कारण जुन्या मायन्यांत लग्न न झालेल्या, परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलीसाठी काही शब्दच नाही. म्हणून मला पुरुषांचाच लावायचे. राजमान्य राजेश्री, अखंडित लक्ष्मी अलंकृत. माझी रूममेट मनप्रीत पंजाबची. ती सकाळी दात घासत फ्रिजसमोर उभी राहायची आणि ओरडायची, "अरे, अंकल ने फिर कुछ चिपकाया है! कितनी लाइनें हैं? तू गई आज!"

"नो वरीज" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "नो वरीज काय? वरी आहे म्हणून तर लिहिलंय!"

आता त्यांच्या मित्राकडे येते, कारण सगळं तिथेच आहे. हे काका क्वेकर्स हिलला राहायचे. पंत आणि ते चाळीस वर्षांपूर्वी एकाच विमानाने सिडनीला उतरले, एकाच खोलीत राहिले, एकाच कुकरमध्ये खिचडी केली. पंतांनी मोडी शिकायला सुरुवात केली तेव्हा काकाही शिकले, केवळ सोबत म्हणून. मग मंडळाने काकांना त्या पत्रांवर बोलायला बोलावलं. काका गोड बोलणारे, स्टेजवर रंगले आणि शेवटी म्हणाले, "त्या जासूदाने काय सांगितलं असेल? त्रिंबकपंतांनी माफी मागितली असणार. दुसरं काय?" लोकांचे डोळे पाणावले. आणि तिसऱ्या रांगेतून पंत उभे राहिले. "पुरावा काय? चूक नसताना माफी कसली? तू इतिहास सांगतोयस की कादंबरी? खाली उतर!" भर सभेत. दीडशे माणसांसमोर. काकांनी कागद गोळा केले आणि खरंच खाली उतरले. हॉलमधून थेट गाडीत.

हे मी यायच्या आदल्या वर्षीचं. मी राहायला गेले तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं आणि पत्रव्यवहार चालू होता. म्हणजे काय, तर शनिवारी मी क्वेकर्स हिलला एका बेकरीत काम करायचे, हे कळल्याबरोबर पंतांनी मला जासूद नेमलं. विचारलं नाही, नेमलं. दर शनिवारी पहाटे फॉइलचा रोल संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी माझ्या हातात द्यायचे. आत पत्राची गुंडाळी. पोस्टाने का नाही पाठवत? तर म्हणे, "पोस्टमनला मजकूर सांगता येतो का?" पत्रात दहा ओळी मायना, दोन ओळी पुरावे, आणि शेवटी बाकी मजकूर जासूद सांगेल. तो बाकी मजकूर ते मला दारात उभं करून तोंडी सांगायचे आणि दोनदा म्हणवून घ्यायचे.

"सांग त्याला, कल्पनाशक्ती आवर म्हणावं. आणि त्याची दाढ दुखत होती, तिचं काय झालं, असं मी विचारलेलं नाही."

"म्हणजे विचारायचं की नाही?"

"मी विचारलेलं नाही, असं सांगायचं. जासूदाला मत नसतं."

ब्लॅकटाउनला ट्रेन बदलून मी क्वेकर्स हिलला उतरायचे, शिफ्ट संपली की आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, काकांकडे जायचे. त्यांचा नातू दार उघडून आत ओरडायचा, "ग्रँडपा, द लेटर गर्ल इज हिअर!" काका चष्मा लावून आधी मायना मोजायचे. "दहा. मागच्या वेळी अकरा होता ना?" मग माझ्याकडे बघायचे. "हं. जासूद काय म्हणतो?"

आता खरं सांगते. पहिल्या दोन वेळा मी शब्द न् शब्द सांगितला. काकांचं तोंड एवढंसं झालं. तिसऱ्या शनिवारी माझ्याच्याने होईना. मी म्हणाले, "दाढ कशी आहे विचारलंय." काका उजळले. परतीच्या मजकुरात ते म्हणाले होते, "सांग त्याला, डोळ्यांचा नंबर वाढलाय, नीट वाच." मी पंतांना सांगितलं, "डोळ्यांना जपा म्हणाले." पंत हूं म्हणाले आणि त्या दिवशी कोणालाही न टोकता जेवले. तेव्हापासून मी हे करतच राहिले. वर्षभर. दोन्हीकडची कडवट वाक्यं मी ब्लॅकटाउनच्या प्लॅटफॉर्मवर टाकून द्यायचे आणि पुढे काहीतरी गोड न्यायचे. मायना दहावरून आठ झाला, आठवरून पाच. मनप्रीत म्हणायची, "तू कुकरी छोड़, यूएन में जा."

पाप केलं का? मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग तो शनिवार आला. काकांचा चेहरा पांढराफटक. पत्र घेतलं, पण उघडलं नाही. म्हणाले, "बायपास करायची आहे. वेस्टमीड हॉस्पिटलला. तारीख मिळाली. त्याला सांगू नकोस, शप्पथ आहे. कळवळा आला म्हणून त्याने यायला नको. यायचं तर तसाच यावा." मी बरं म्हटलं. काका नळी हातात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो कधी म्हणतो का गं, की त्या दिवशी जरा जास्तच झालं?"

काय सांगायला हवं होतं मी? त्या दिवशीचा मजकूर होता, "सांग, तुझा सातवा मुद्दा पोरकट आहे." मी म्हणाले, "म्हणतात ना काका. आजच म्हणाले. माझ्या वतीने माफी माग म्हणाले."

काकांनी डोळे मिटले. मला दारापर्यंत सोडायला आले, नेहमी येत नसत.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, टूनगॅबीला बेल वाजली. दारात काका. हातात श्रीखंडाचा डबा, अंगात ठेवणीतला कोट. मी सिंकपाशी तांदूळ धूत होते आणि माझ्या हातातली चाळणी तशीच राहिली. पंत उठून उभे राहिले. दोन वर्षांनी एकमेकांसमोर आले होते दोघं. काका म्हणाले, "तू माफी मागितलीस. विसरलो मी सगळं. चल, श्रीखंड खा."

पंतांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला होता. मी पाहिलाय तो. मग वाक्य आत उतरलं.

"मी? माफी? कधी?"

"काल. जासूदाकरवी."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी जमीन दुभंगावी असं म्हणतात. टूनगॅबीची जमीन दुभंगली नाही. मी म्हणाले, "मी सांगितलं. माझ्या मनाने."

"मी माफी मागितलेली नाही," पंत म्हणाले. अगदी हळू. ओरडले असते तर बरं झालं असतं. काकांनी डबा टेबलावर ठेवला, कोटाचं बटण लावलं आणि गेले. गेटपाशी थांबून श्वास घेतला, मग गाडीत बसले.

आणि मी पंतांवर उखडले. शप्पथ गेली खड्ड्यात. "बायपास आहे त्यांची! पुढच्या आठवड्यात! तुम्ही तुमच्या त्रिंबकपंतांचं नाक सांभाळत बसा, तिकडे तो माणूस एक वाक्य ऐकायला वर्षभर झुरतोय! हो, बदलला मजकूर! दर शनिवारी बदलला! तुमचा खरा मजकूर पोचवला असता तर केव्हाच संपलं असतं सगळं!"

पंतांनी सगळं ऐकून घेतलं. मग खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर पट्टी होती, जमिनीपर्यंत लोंबणारी. मनप्रीतने ओळी मोजल्या. एकवीस. एवढा मायना त्यांनी कोणालाच लिहिला नव्हता. खाली मजकूर एवढाच. आपणांस जासूदगिरीवरून दूर केले असे. मी ती पट्टी काढली नाही. मुद्दाम लावून ठेवली. आणि श्रीखंड एकटीने संपवलं.

दोन आठवडे घरात चमच्याचासुद्धा आवाज मोठा वाटायचा. ऑपरेशन झालं, नीट झालं, हे मला बेकरीत काकांच्या सुनेकडून कळलं. मी ते एका पट्टीवर लिहून फ्रिजवर लावलं. "ऑपरेशन झाले. बरे आहेत." मायना नाही. जाऊ दे तिकडे.

त्या गुरुवारी मी कॉलेजातून आले तर पंत इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून हॉलमध्ये बसलेले. मांडीवर पुठ्ठ्याची नळी.

"चल," म्हणाले. "वॉर्ड दाखव."

"मला दूर केलंय ना?"

"जासूद म्हणून नेत नाहीये. वाट दाखवायला नेतोय. वेस्टमीडला मी ती गेल्यापासून उतरलेलो नाही."

ती म्हणजे त्यांची बायको, तिथेच गेलेली. मी पाठीवरची बॅग न उतरवताच निघाले. टूनगॅबीहून तीनच स्टेशनं. ट्रेनमध्ये ते नळी दोन्ही हातांनी धरून बसले होते.

काका कॉटवर अर्धवट बसलेले, छातीशी टॉवेलची घट्ट गुंडाळी. खोकला आला की टाक्यांवर ती दाबून धरायची असते. पंतांना पाहून त्यांनी मान खिडकीकडे वळवली. पंतांनी नळी पुढे केली. काकांनी घेतली नाही. पंत तसेच हात लांब करून उभे. शेवटी काकांनी घेतली, आतली गुंडाळी बाहेर काढली, नेहमीच्या सवयीने मायना मोजायला बोट ठेवलं, आणि ते बोट कागदावर तसंच राहिलं. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला.

कागदावर एकच ओळ होती. बाकी मजकूर जासूद सांगेल. वर काही नाही. राजमान्य नाही, राजेश्री नाही, अर्धी ओळसुद्धा नाही.

"मायना?" काकांनी विचारलं.

"नाही."

"शाई संपली?"

"शाई आहे."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "आणि जासूद? हिला तर काढलीस म्हणे."

"काढली. दुसरा आणलाय." पंतांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि खणखणीत आवाजात, शाळेत कविता म्हणतात तसे, ताठ उभे राहून म्हणाले, "मजकूर ऐक. भर सभेत ओरडलो. ओरडायला नको होतं. तुला खाली उतरवलं, ते चुकलं. दोन वर्षं झोप नीट नाही. माफ कर."

शेजारच्या कॉटवरचा म्हातारा गोरा टीव्हीचा आवाज कमी करून बघायला लागला.

काका म्हणाले, "म्हणजे तू माफी मागतोयस?"

"मी नाही. जासूद सांगतोय. जासूदाला मत नसतं."

काका हसायला लागले. एका हाताने टॉवेल छातीवर दाबत, दुसऱ्याने डोळे पुसत. "हसवू नकोस रे गाढवा, टाके जातील!" आणि पंत, आमचे पंत, कॉटच्या कडेवर बसले आणि त्यांनी स्वतःच तो टॉवेल मित्राच्या छातीवर धरून ठेवला. नर्स धावत आली. "यू ऑल राइट, डार्लिंग?" काका म्हणाले, "ही इज माय पोस्टमन." पाचव्या मिनिटाला भांडण सुरू झालं. त्रिंबकपंतांनी माफी मागितली होती, नव्हती, पुरावा काय, तुझ्या पुराव्याला घाल चुलीत. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन मनसोक्त रडले, सांगायला लाज कसली.

परतीच्या ट्रेनमध्ये पंत म्हणाले, "आज ऐकलंस ते कोणाला सांगायचं नाही."

"सांगणार."

"मी नाही म्हणेन."

"म्हणा. मी तरी सांगणार."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "जासूद म्हणून नालायक आहेस तू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी फ्रिजवरची एकवीस ओळींची पट्टी गेली होती. तिथे नुसतं "दूध आणणे" होतं.

पुढे कुकरीवर पीआर मिळायचे नियम बदलले. आमच्यातले अर्धे परत गेले. मी चिकटून राहिले, पुन्हा शिकले, आता वेस्टमीडलाच लॅबमध्ये आहे. काका तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत दर रविवारी पंत ट्रेनने क्वेकर्स हिलला जायचे आणि संध्याकाळी भांडून घसा बसवून परत यायचे. माफीचं कोणी विचारलं की पंत म्हणायचे, "मी? कधीच नाही." काका नुसते मिशीत हसायचे. आणि आता पंतही गेले, आणि मंडळात टाळ्या पडतात की या माणसाने कधी कोणाची माफी मागितली नाही.

मागितली होती. तीन स्टेशनं ओलांडून, ज्या ठिकाणी पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं त्या ठिकाणी जाऊन, मायना न लावता मागितली होती. एकदा मी या माफीत पदरचं घातलं होतं, ते कबूल. या वेळी एक अक्षरही घातलेलं नाही.